तिथीपासून चंद्रकोरीपर्यंत: साइन-कोसाइन वापरून चंद्रकला कशा मांडायच्या

आपल्या घरात भिंतीवर जे कॅलेंडर लटकतं, त्यात त्रिकोणमिती आधीच छापलेली असते. रोजच्या चौकटीत तिथी लिहिलेली असते आणि तिथी म्हणजे दुसरं काही नसून एक कोन आहे. पृथ्वीवरून पाहिलं तर सूर्य आणि चंद्र यांच्यात किती अंशांचं अंतर पडलं, ते मोजायचं आणि दर १२ अंशांना एक तिथी धरायची. शून्य अंश म्हणजे अमावास्या संपली, १२ अंशांवर प्रतिपदा संपली, १८० वर पौर्णिमा संपली, ३६० वर पुन्हा अमावास्या. तीस तिथी गुणिले बारा, बरोबर ३६०.

म्हणजे चंद्रकलांचं गणित मांडायचं तर कोन शोधायला कुठे जावं लागत नाही. कोनाचं प्रकाशात रूपांतर कसं करायचं आणि तो कोन आपला आपण कसा काढायचा, एवढंच शिकायचं आहे. पहिलं काम पाच मिनिटांचं आहे. दुसऱ्यात खरी गंमत आहे, म्हणून लेखाचा बराचसा भाग त्यातच जाणार आहे. लागणारं सामान: स्प्रेडशीट, नाहीतर साइन-कोसाइनची बटणं असलेला कॅल्क्युलेटर, आणि एक मोसंबं.

मोसंबं आणि दिवा

रात्री खोलीतला एकच दिवा चालू ठेवा. मोसंबं हात लांब करून डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. दिवा सूर्य, मोसंबं चंद्र, तुमचं डोकं पृथ्वी. मोसंबं दिव्याच्या बाजूला असताना त्याची काळी बाजू तुमच्याकडे असते, ही अमावास्या. दिव्याकडे पाठ केलीत की पूर्ण उजळलेलं दिसतं (डोक्याची सावली पडली तर ग्रहण, हात थोडा वर घ्या). काटकोनात बरोबर अर्धं.

आता आडवा व्यास बघा. चंद्राची त्रिज्या १ धरली तर उजेडाची बाहेरची कड मध्यापासून १ अंतरावर असते. उजेड आणि अंधार यांची सीमारेषा मध्यापासून कोसाइन(कोन) इतक्या अंतरावर असते. कोन शून्य असताना ती बाहेरच्या कडेलाच चिकटलेली असते, म्हणून उजेड नाही. ९० ला ती मधोमध येते, १८० ला पलीकडच्या कडेला जाते. उजळलेली रुंदी झाली १ वजा कोसाइन, आणि पूर्ण व्यास २. म्हणून:

प्रकाशित भाग = (१ − कोसाइन(कोन)) ÷ २

हे प्रमाण व्यासावर जितकं, तितकंच पूर्ण तबकडीच्या क्षेत्रफळावरही असतं, कारण सीमारेषा अर्ध्या लंबवर्तुळाच्या आकाराची असते आणि प्रत्येक आडव्या पट्टीत तेच प्रमाण टिकतं. पुढे फोटोवर पट्टी ठेवून मोजायचं आहे, तेव्हा हे कामी येईल. सूर्य चंद्राच्या मानाने सुमारे ३९० पट लांब असल्यामुळे त्याचे किरण समांतर धरले तर जेमतेम अंशाच्या सातव्या हिश्श्याएवढी चूक होते. ती सोडून देऊ.

आता तिथ्या घालून बघा. शुक्ल पंचमी संपताना कोन ६०, कोसाइन ०.५, प्रकाशित भाग ०.२५. अष्टमी ८४ ते ९६ अंशांची, म्हणून अर्धा चंद्र अष्टमीच्या बरोबर मध्यावर येतो. दशमी संपताना ७५ टक्के. संकष्टीची कृष्ण चतुर्थी २१६ ते २२८ अंशांची, म्हणजे उपास सोडताना दिसणारा चंद्र साधारण ९० ते ८३ टक्के उजळलेला असतो. विनायकी चतुर्थीला जेमतेम १० ते १७ टक्के.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अर्धा चंद्र म्हणजे अर्धं चांदणं नव्हे. अष्टमीचा चंद्र पौर्णिमेच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच उजेड देतो, कारण तिरप्या उन्हात चंद्रावरच्या खड्ड्यांच्या आणि डोंगरांच्या सावल्या लांब पडतात, आणि पौर्णिमेला त्या जवळजवळ नाहीशा होतात. आपलं सूत्र आकार सांगतं, चांदणं नाही.

पहिला प्रयत्न: सगळे दिवस सारखे धरून

अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३०५८८ दिवस जातात. ३६० ला याने भागलं की रोजची चाल १२.१९०७५ अंश येते. आता सोपं मॉडेल असं: एखादी अमावास्या कधी संपली ते घ्या, तिथून किती दिवस गेले ते मोजा, १२.१९०७५ ने गुणा, कोसाइन काढा. बहुतेक ठिकाणी हेच शिकवतात आणि इथेच थांबतात.

स्प्रेडशीटमध्ये कोन रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक, १८० अंश म्हणजे π रेडियन) द्यावा लागतो, हे मला शाळेपासून माहीत होतं. तरीही माझ्या पहिल्या तक्त्यात अष्टमीचा चंद्र ७२ टक्के उजळला. बराच वेळ मी चंद्राच्या कक्षेत चूक शोधत होतो. शेवटी कळलं की ९० अंशांऐवजी ९० रेडियनचा कोसाइन निघत होता, उणे ०.४४८. तेव्हा अंशांना आधी रेडियन करणाऱ्या फंक्शनमध्ये घाला आणि मगच साइन-कोसाइन लावा. तपासणी सोपी: ९० घातल्यावर उत्तर ०.५ आलं पाहिजे, १८० घातल्यावर १.

आता या सोप्या मॉडेलची परीक्षा घेऊ. २०२५ च्या आश्विनाचं उदाहरण घेतो. अमावास्या २२ सप्टेंबरला मध्यरात्रीनंतर १:२४ ला संपली. अर्धा चंद्र ३० सप्टेंबरला पहाटे ५:२४ ला झाला. मधे गेले ८ दिवस ४ तास, म्हणजे ८.१६७ दिवस. गुणाकार ९९.५६ अंश, प्रकाशित भाग ०.५८३. खरं उत्तर ०.५०. आठ टक्क्यांनी चुकलो.

त्याच मॉडेलने कोजागरीची रात्र काढा. ६ ऑक्टोबरच्या मध्यरात्री, दुधात चंद्र बघायच्या वेळेला, १४.९४२ दिवस झाले होते. कोन १८२.१५, म्हणजे मॉडेलच्या मते पौर्णिमा उलटून गेली. प्रत्यक्षात पौर्णिमा दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊच्या सुमारास संपली आणि मध्यरात्री खरा कोन १७५ च्या आसपास होता. सात अंशांची चूक! पण प्रकाशित भाग? मॉडेल म्हणतं ०.९९९६, खरा ०.९९८. दुधाच्या पातेल्यात कोणाला फरक कळला असता?

हे नीट समजून घेतलंत तर अर्धं काम झालं. कोसाइनचा आलेख १८० जवळ सपाट असतो आणि ९० जवळ सर्वात उभा. पौर्णिमेच्या एक दिवस आधी किंवा नंतरही चंद्र जवळजवळ ९९ टक्के भरलेला असतो, त्यामुळे चतुर्दशीचा चंद्रही आपल्याला गोल वाटतो. अष्टमीला मात्र एका दिवसात साडेदहा टक्क्यांहून जास्त फरक पडतो. म्हणून मॉडेल तपासायचं तर पौर्णिमेला तपासू नका, तिथे कुठलंही मॉडेल पास होतं. अष्टमीला तपासा.

चंद्र एका चालीने चालत नाही

त्याच महिन्याचे चार तुकडे मोजा. अमावास्येपासून अर्ध्या चंद्रापर्यंत ८.१७ दिवस, तिथून पौर्णिमेपर्यंत ७.१६, पौर्णिमेपासून उतरत्या अर्ध्या चंद्रापर्यंत (१३ ऑक्टोबर, रात्री ११:४३) ६.६०, आणि तिथून पुढच्या अमावास्येपर्यंत (२१ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:५५) ७.७६. सगळे सारखे असते तर प्रत्येक तुकडा ७.३८ दिवसांचा आला असता.

कारण कक्षा लंबवर्तुळाकार आहे. चंद्र कधी सुमारे ३ लाख ६० हजार किलोमीटरवर येतो, कधी ४ लाख ५ हजारांपलीकडे जातो. जवळ असताना वेगाने चालतो, लांब असताना रेंगाळतो. त्या महिन्यात तो ८ ऑक्टोबरच्या सुमारास सर्वात जवळ होता, म्हणून मधले दोन तुकडे आखूड. तिथीची लांबीही याच कारणाने सुमारे २० तासांपासून जवळजवळ २७ तासांपर्यंत बदलते. कोजागरीची पौर्णिमा सुमारे २१ तासांत आटोपली आणि त्याच महिन्यातली दिवाळीची अमावास्या २६ तास चालली. लक्ष्मीपूजन २० ला की २१ ला, हा २०२५ चा घोळ आठवत असेल. अमावास्या दोन संध्याकाळींपर्यंत पसरायला ही मंद चाल कारणीभूत होती.

दुसरा प्रयत्न: साइनच्या चार दुरुस्त्या

आता कोन नीट काढू. एखाद्या खऱ्या अमावास्येपासून मोजायला सुरुवात करू नका. ती अमावास्या स्वतःच सरासरीपेक्षा मागेपुढे झालेली असते आणि तिची चूक महिनाभर आपल्या डोक्यावर बसते. वरच्या उदाहरणात नेमकं हेच झालं: २२ सप्टेंबरची अमावास्या सरासरी वेळेच्या सुमारे १२ तास आधीच आली होती, म्हणजे सुरुवातच सहा अंशांनी चुकली.

त्याऐवजी खगोलशास्त्रात वापरतात तो ठरलेला क्षण घ्या: १ जानेवारी २०००, दुपारचे १२, ग्रिनिचची वेळ. आपल्या घड्याळात संध्याकाळचे ५:३०. तिथून गेलेल्या दिवसांना (अपूर्णांकासह) 'दि' म्हणू. साडेपाच तासांचा हा फरक विसरलात तर कोन २.८ अंशांनी चुकतो, म्हणजे जवळजवळ पाव तिथी.

आता तीन सरासरी कोन, अंशांमध्ये:

अ = २९७.८५० + १२.१९०७४९१ × दि
च = १३४.९६३ + १३.०६४९९३० × दि
स = ३५७.५२९ + ०.९८५६००३ × दि

'अ' म्हणजे सूर्य-चंद्रातलं सरासरी अंतर. 'च' म्हणजे चंद्र आपल्या कक्षेतल्या सर्वात जवळच्या बिंदूपासून किती पुढे गेला (हा फेरा २७.५५ दिवसांचा). 'स' हेच सूर्याच्या बाबतीत, म्हणजे खरं तर पृथ्वीच्या बाबतीत. प्रत्येकातून ३६० चे पूर्ण फेरे काढून टाका, उरलेली बाकी घ्या.

दशांशस्थळं कापू नका. १२.१९०७४९१ च्या जागी १२.१९ घातलंत तर २०२५ पर्यंत सात अंशांची चूक साचते, अर्ध्या तिथीपेक्षा जास्त.

आणि आता खरा कोन, 'ख':

ख = अ + ६.२८९ साइन(च) − २.१०० साइन(स) + १.२७४ साइन(२अ − च) + ०.६५८ साइन(२अ)

पहिली दुरुस्ती चंद्राच्या लंबवर्तुळाची आणि सर्वात मोठी. दुसरी मुख्यतः पृथ्वीच्या लंबवर्तुळाची: जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, त्यामुळे सूर्य आकाशात जरा भराभर सरकतो आणि चंद्राला त्याला मागे टाकायला वेळ लागतो. उरलेल्या दोन सूर्याच्या ओढीमुळे येतात, कारण चंद्र एकट्या पृथ्वीच्या ताब्यात नाही. तिसरी प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीला माहीत होती, आणि आपल्याकडे दहाव्या शतकात मुंजाल या खगोलशास्त्रज्ञाने तशी दुरुस्ती दिली. साइनला 'ज्या' आणि कोसाइनला 'कोज्या' म्हणत हेच काम पंचांगकर्ते शेकडो वर्षं करत आले. आर्यभटाने ४९९ साली दिलेली 'ज्ये'ची कोष्टकं दर पावणेचार अंशांची होती. आपण बटण दाबतो, ते कोष्टकातून मधल्या किमती काढायचे.

चला, ३० सप्टेंबर २०२५ ची पहाट पुन्हा काढू. ५:२४ ला दि = ९४०३.४९६. त्यावरून अ = ९३.५१, च = २३१.५७, स = २६५.६२.

६.२८९ × साइन(२३१.५७) = −४.९३. −२.१०० × साइन(२६५.६२) = +२.०९. २अ − च येतो −४४.५५, म्हणून तिसरी दुरुस्ती −०.८९. चौथी −०.०८. बेरीज करा: ख = ८९.७०. प्रकाशित भाग ०.४९७. खरा ०.५०. आठ टक्क्यांची चूक तीन दशांश टक्क्यांवर आली, आणि तीसुद्धा चार साइनमध्ये.

आता कोजागरीची मध्यरात्र. दि = ९४१०.२७१, अ = १७६.१०, च = ३२०.०८, स = २७२.३०. दुरुस्त्या अनुक्रमे −४.०४, +२.१०, +०.६८, −०.०९. ख = १७४.७५, प्रकाशित भाग ०.९९८.

याच आकड्याला १२ ने भागा: १४.५६. पूर्णांक १४ म्हणजे चौदा तिथी संपल्या, पंधरावी चालू आहे. पौर्णिमा. स्प्रेडशीटच्या एका रकान्यात तिथीही आली. १५ च्या पुढे गेलात की १५ वजा करा आणि कृष्ण पक्ष म्हणा. फक्त एक लक्षात ठेवा: कॅलेंडरच्या चौकटीवर सूर्योदयाची तिथी छापतात. ६ ऑक्टोबरच्या सूर्योदयाला चतुर्दशीच होती, पौर्णिमा दुपारी १२ नंतर लागली. तुमच्या तक्त्यात आणि कॅलेंडरात फरक दिसला तर आधी वेळ तपासा, मग सूत्राला दोष द्या.

तिथी किती तासांची हेही याच सूत्रातून निघतं. साइनच्या दुरुस्तीचा वेग कोसाइन सांगतो. ६.२८९ साइन(च) या एका पदामुळे रोजची चाल १.४३ × कोसाइन(च) अंशांनी वाढते किंवा घटते. 'ज्येच्या वाढीचा वेग कोज्येने मिळतो' ही कल्पना भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ग्रहांच्या तात्कालिक गतीसाठी वापरली. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. चारही पदं धरून कोजागरीच्या रात्रीची चाल काढली तर रोज सुमारे १३.८ अंश येते. १२ अंशांना २० तास ५४ मिनिटं. वर म्हटलेली २१ तासांची पौर्णिमा हीच.

कोर काढायची

आकडा मिळाला, आता चित्र. स्प्रेडशीटमध्ये एका रकान्यात −९० ते ९० पर्यंत दहा-दहा अंशांनी कोन भरा, त्याला 'क' म्हणा. बाहेरच्या कडेचे बिंदू: आडवं कोसाइन(क), उभं साइन(क). सीमारेषेचे बिंदू: आडवं कोसाइन(ख) × कोसाइन(क), उभं तेच साइन(क). दोन्ही रेषा बिंदूंच्या आलेखावर जोडा. ख १८० पेक्षा कमी असेल तर दोन रेषांमधला भाग म्हणजे शुक्ल पक्षाची कोर, उजवीकडे उजळलेली. कृष्ण पक्षात आडव्या किमतींची चिन्हं उलटी करा, कोर डावीकडे वळेल. ख = ६० घालून बघा: मध्यावर सीमारेषा ०.५ वर येते, कोर पाव व्यासाएवढी रुंद.

हे चित्र वर-खाली सरळ उभं येईल. आकाशात तसं दिसत नाही. कोरीचं उजळ पोट सूर्याकडे असतं, आणि मावळत्या सूर्याच्या मागोमाग चंद्र कुठल्या उताराने क्षितिजाकडे जातो यावर तिचा कल ठरतो. महाराष्ट्राच्या अक्षांशावर मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी हा मार्ग जवळजवळ उभा असतो, म्हणून गुढीपाडव्यानंतरच्या द्वितीयेची कोर पाठीवर झोपलेली दिसते, दोन्ही टोकं वर, थेट कपाळावरच्या चंद्रकोरीसारखी. सप्टेंबरात तोच मार्ग तिरपा होतो आणि कोर बाजूला कलते. आपल्या सूत्रात हा कल नाही.

फोटोवर पट्टी

मोबाइलवर चंद्र झूम करून घेतलेला फोटो चालतो, मात्र उजेड कमी करून काढा, नाहीतर कडा फुगते आणि कोर जाड दिसते. दोन्ही टोकांना जोडणारी रेषा आखा. ही झाली व्यासाची लांबी. तिच्या मध्यातून काटकोनात उजळलेल्या भागाची रुंदी मोजा आणि व्यासाने भागा. उदाहरणार्थ व्यास ६४ मिलिमीटर आणि उजळ रुंदी २० आली, तर प्रकाशित भाग ०.३१. पट्टीवर एका मिलिमीटरची चूक झाली तर उत्तर दीड टक्क्याने हलतं, म्हणून दोन टक्क्यांच्या आत जुळलं की समाधान माना.

उलटंही करता येतं: ०.३१ ला दुपटीने गुणा, १ मधून वजा करा, त्याचा उलटा कोसाइन काढा. ६७.७ अंश येतात. म्हणजे शुक्ल षष्ठी चालू आहे. कॅलेंडर न बघता.

चंद्रोदय मात्र या तक्त्यातून नीट निघत नाही. ढोबळ अंदाज असा: पौर्णिमेनंतर ख मधून १८० वजा करून १५ ने भागा, सूर्यास्तानंतर तितक्या तासांनी चंद्र उगवतो. संकष्टीला ख २२० असेल तर २ तास ४० मिनिटं. पण चंद्राचा मार्ग क्षितिजाला किती तिरपा आहे यावर यात अर्धा-पाऊण तासही इकडेतिकडे होतो, आणि उपाशी माणसाला तो चालत नाही. आमच्याकडे संकष्टीला आई माझ्या तक्त्याकडे ढुंकूनही बघत नाही, सरळ कॅलेंडरचं पान उलटते.